माणा खिंडीतील फादर आंद्रादे

परीक्षा आटोपल्या की आपल्या धर्मग्रामातील मुलामुलींची पाठपिशव्या भरण्याची लगबग सुरू होते. कोणी मनालीला निघते, कोणी उत्तराखंडात ट्रेकला. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये आणि लोहगड-राजमाचीला चार वेळा जाऊन आलेल्या ह्या मुलांना डोंगर नवा नसतो. बर्फ मात्र अगदी नवा असतो. आईवडिलांना वाटते, आता तर उन्हाळा आहे, थंडी संपली, मग भीती कसली? नेमक्या ह्याच दिवसांत, चारशे वर्षांपूर्वी, एक येशूसंघीय धर्मगुरू हिमालयाच्या बर्फात शिरले आणि मरता मरता वाचले. त्यांचे नाव फादर आंतोनियो द आंद्रादे. हिमालय ओलांडून तिबेटात पोहोचलेले पहिले युरोपीय म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचे नाव येते. त्यांच्या बर्फातील दिवसांविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही, म्हणून आज थोडे सविस्तर.

आंद्रादे ह्यांचा जन्म १५८० साली पोर्तुगालमधील ओलेइरोश ह्या गावी झाला. १५९६ साली, सोळाव्या वर्षी, ते कोइंब्रा येथे येशूसंघात दाखल झाले आणि १६०० साली जहाजाने गोव्याला आले. तेव्हा आपल्या ह्या साष्टी बेटावर येशूसंघीयांचे काम सुरू होऊन बरीच वर्षे लोटली होती. अंधेरीला सीप्झच्या आवारात संत जॉन बाप्टिस्ट चर्चचे जे जुने अवशेष उभे आहेत, ते चर्च येशूसंघीयांनी १५७९ साली बांधलेले. म्हणजे आंद्रादे जन्मलेही नव्हते तेव्हाचे. गोव्यात त्यांचे शिक्षण पूर्ण झाले, धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, आणि पुढे १६२१ मध्ये आग्र्याच्या मोगल मिशनचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा जहांगीर बादशहा होता.

आग्र्यात व्यापाऱ्यांकडून एक गोष्ट वरचेवर कानावर येई. हिमालयापलीकडे म्हणे ख्रिस्ती लोक राहतात, त्यांची प्रार्थनामंदिरे आहेत, दिवे आहेत, धर्मगुरू आहेत. ह्याच वार्तेचा माग काढत येशूसंघाचे ब्रदर बेंतो द गोइश १६०२ मध्ये आग्र्याहून निघाले होते. अफगाणिस्तान आणि मध्य आशिया पालथा घालून ते चीनच्या वेशीवर पोहोचले आणि तेथेच १६०७ साली देवाघरी गेले. तरी ती वार्ता काही मरेना. आज आपल्याला ठाऊक आहे की ते पलीकडचे लोक बौद्ध होते. त्यांचे मठ, घंटा आणि दिवे पाहून कुणीतरी ते चर्च समजले असणार. पण फादर आंद्रादे ह्यांना हे कोण सांगणार?

३० मार्च १६२४ रोजी ते ब्रदर मानुएल मार्केश आणि दोन ख्रिस्ती तरुण सेवकांसह आग्र्याहून निघाले. दिल्लीला पोहोचल्यावर कळले की यात्रेकरूंचा एक मोठा जथा बद्रिनाथला निघत आहे. अशी संधी पुन्हा कधी मिळणार, असा विचार करून फादरांनी मागचापुढचा हिशेब न करता यात्रेकरूंचा वेष चढवला आणि जथ्यात सामील झाले. हा वेष बदलण्याचा प्रकार आज आपल्याला तितकासा रुचणार नाही. त्या काळी मात्र अनोळखी राज्यांतून जाण्याचा तोच मार्ग होता, आणि तोही फार दूर चालला नाही. गढवालची राजधानी श्रीनगर (काश्मीरचे नव्हे) येथे राजाच्या लोकांनी त्यांना अडवले, हेर समजून झडती घेतली, उलटसुलट प्रश्न विचारले. काही दिवसांनी सोडून दिले.

पुढे अलकनंदेच्या काठाकाठाने चढण. वाट इतकी अरुंद की काही ठिकाणी एका वेळी एकच पाऊल मावेल, आणि खाली नदी. काही ठिकाणी नदी ओलांडावी लागे ती बर्फावरून. वरून बर्फाचा जाड थर आणि त्याच्या पोटातून घोंघावत जाणारे पाणी, असे हे पूल. फादरांनी पत्रात त्यांचे वर्णन केले आहे. इतका बर्फ नदीवर आला कुठून? तो आकाशातून थेट तेथे पडलेला नसतो. हिवाळ्यात आणि वसंतात दोन्ही बाजूंच्या उतारांवरून हिमस्खलने कोसळतात, त्यांचा ढिगारा नदीच्या पात्रात साठतो आणि नदी त्याला खालून भोक पाडून वाट काढते. म्हणजे ज्या ठिकाणी असा बर्फाचा पूल दिसतो, त्या ठिकाणी वरून दरड येऊन गेलेली आहे आणि पुन्हा येऊ शकते. आजही मे महिन्यात हिमाचल-उत्तराखंडात ट्रेकला जाणारी मुले अशा पुलांवर उभी राहून फोटो काढतात. पहाटे तो पूल दगडासारखा टणक असतो. दुपारी तोच आतून पोखरलेला असतो आणि वरून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही.

आपल्या उपनगरांना दरड म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात टेकडी झोपड्यांवर कोसळली, ते दिवस अनेकांना आठवत असतील. पावसाचे पाणी मातीत मुरते, माती जड होते, तिची पकड सुटते आणि ती खाली येते. बर्फाचेही तसेच आहे. फरक एवढाच की तेथे पाणी बाहेरून यावेच लागते असे नाही, बर्फ स्वतःच वितळून पाणी होतो. हिवाळ्यात धोका असतो तो नव्याने पडलेल्या बर्फाच्या थराखाली एखादा कच्चा थर दबला असेल तर. वसंतात उन्हाने वरचा बर्फ वितळतो, पाणी खाली झिरपते, आणि साबुदाण्यासारखे सुटे झालेले कण ओल्या वाळूच्या ढिगाप्रमाणे घसरू लागतात. रात्री आकाश निरभ्र असेल तर सगळे पुन्हा गोठते. म्हणून पहाटे चालणे बरे आणि दुपारी वाईट. रात्री ढग असतील किंवा पाऊस पडला असेल, तर गोठणेच होत नाही. मग पहाटही सुरक्षित राहत नाही. धोक्याचा उतार फार उभा असतो असेही नाही. साधारण आपल्या इमारतींच्या जिन्याइतका किंवा त्याहून थोडा उभा, म्हणजे ३० ते ४५ अंशांचा उतार सर्वांत घातकी. आणि तुम्ही त्या उतारावर असायलाच हवे असेही नाही. खाली सपाटीवर तंबू टाकलेल्यालाही वरची दरड गाठते.

बद्रिनाथहून फादर माण्याला पोहोचले. माणा हे त्या खोऱ्यातले तिबेटच्या बाजूचे शेवटचे गाव, सुमारे ३,२०० मीटर उंचीवर. तेथून पुढची माणा खिंड आहे सुमारे ५,६०० मीटरवर. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच. तशी तीन शिखरे एकावर एक ठेवली तरी खिंड आणखी सहाशे मीटर वर राहते. माण्याचे भोटिया लोक तिबेटशी व्यापार करत. खिंड वर्षातून जेमतेम दोन महिने उघडते हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, म्हणून बर्फ वितळेपर्यंत ते गावात थांबत. फादरही थांबले असते. पण श्रीनगरच्या राजाचा माणूस त्यांना अडवायला येत आहे अशी कुणकुण लागली. तेव्हा ब्रदर मार्केश ह्यांना गावात ठेवून, दोन्ही तरुणांना आणि गावातल्या एका वाटाड्याला बरोबर घेऊन, ते वेळेआधीच निघाले.

दोन दिवस बरे गेले. मग गावाकडून माणसे मागून आली आणि वाटाड्याला दमदाटी करून परत घेऊन गेली. फादरांनाही त्यांनी बजावले की पुढे गेलात तर मराल. ते काही राजाच्या भीतीपोटीच बोलत होते असे मला वाटत नाही. त्यांना तो डोंगर ठाऊक होता. फादर मात्र दोन मुलांना घेऊन, वाटाड्याशिवाय, पुढे गेले.

त्यानंतरचे दिवस त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहेत. बर्फ आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, कुठे कुठे खांद्यापर्यंत. पाय उचलणे अशक्य झाले की ते अंग आडवे टाकून पोहल्यासारखे पुढे सरकत. चूल पेटवायला काटकी नाही, म्हणून खाणे काय, तर भाजलेल्या जवाचे पीठ बर्फाच्या पाण्यात कालवून. रात्री एक घोंगडी खाली आणि दोन वर घेऊन तिघे चिकटून पडत. हिमवर्षाव इतका दाट की शेजारचा माणूस दिसू नये. आपण जिवंत गाडले जाऊ ह्या भीतीने मधून मधून उठून अंगावरचा बर्फ झटकावा लागे. हातपायांची संवेदना गेली. एकदा फादरांचे बोट कशाला तरी आपटले आणि त्याचा तुकडा पडला. त्यांना कळले ते रक्त दिसल्यावर. पाय सुजले. पुढे त्यांवर तापलेले लोखंड ठेवले तरी त्यांना काही जाणवत नव्हते.

त्याही स्थितीत ते खिंडीच्या माथ्यावर पोहोचले. तेथे एक तळे आहे, गंगेचा उगम म्हणून ते त्यांना सांगण्यात आले होते. पुढे तिबेटचे विस्तीर्ण पठार पसरले होते, पण त्यांना ते दिसले नाही. उन्हात चकाकणाऱ्या बर्फाने डोळे दिपून गेले होते. सगळीकडे पांढरे आणि फक्त पांढरे. वाट कोणती, उतार कोणता, काही कळेना. दोन्ही मुले थकून मरणाच्या दारात होती. येथे फादरांनी मागे फिरण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या सगळ्या आयुष्यातला हा सर्वांत कठीण निर्णय असावा, आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचाही. ज्या देशासाठी एवढे सोसले तो पायाशी असताना त्यांनी पाठ फिरवली. उतरताना वाटेत माण्याहून त्यांच्या शोधात आलेली मदत भेटली आणि तिघांचेही प्राण वाचले.

पुढे सुमारे महिनाभर ते बर्फ वितळण्याची वाट पाहत राहिले. मग तीच खिंड त्यांनी ब्रदर मार्केश ह्यांच्यासह ओलांडली आणि १६२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या सुरुवातीला गुगे राज्याची राजधानी त्सापरांग गाठली.

आपल्याकडे फादरांचे धैर्य सांगितले जाते आणि ते सांगायलाच हवे. पण त्यांच्याबरोबर दोन तरुण होते, ज्यांचा जीव त्यांच्या घाईमुळे टांगणीला लागला, हेही सांगायला हवे. ट्रेकला एखादा गट नेणाऱ्या आपल्या तरुणांनी तेवढे लक्षात ठेवावे.

ह्याच माण्याजवळ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी रस्ते बांधणाऱ्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन कोसळले. छावणी होती सीमा रस्ते संघटनेची. ५४ जण गाडले गेले. त्यांतील ४६ जणांना लष्कराच्या आणि इतर जवानांनी वाचवले, ८ जण मरण पावले. बरेचजण लोखंडी कंटेनरमध्ये झोपलेले होते, म्हणून वाचले. चंदीगडच्या संरक्षण खात्याच्या संस्थेने आदल्या दिवशीच त्या जिल्ह्यासाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. ही संस्था हिमालयातील निरनिराळ्या भागांसाठी असे इशारे देत असते. तेव्हा मुलगा किंवा मुलगी निघण्यापूर्वी आईवडिलांनी गटप्रमुखाला विचारावे, हा इशारा तुम्ही रोज पाहता का? उत्तर गोलमोल आले तर समजून घ्यावे.

आणखी काही गोष्टी विचारता येतील. बर्फाचा उतार पहाटे ओलांडून दुपारच्या आत खाली पोहोचण्याचा बेत आहे का? जोराचा हिमवर्षाव झाला तर एक-दोन दिवस थांबायला सवड ठेवली आहे का, की परतीच्या रेल्वेचे तिकीट काढलेले असल्याने रेटून जायचे आहे? मुंबईकरांचे खरे संकट हे तिकीटच असते. धोकादायक उतार एकेकट्याने, अंतर ठेवून ओलांडायचा असतो, म्हणजे दरड आलीच तर एकच सापडतो आणि बाकीचे त्याला काढायला उरतात. पाय घोट्याच्या वर रुतू लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, पायाखाली धप्प असा पोकळ आवाज आला किंवा बर्फात लांब भेग धावत गेली, की तेथून मागे फिरायचे. मग शिखर कितीही जवळ असो. काळा चष्मा ही चैनीची वस्तू नाही, हे फादरांच्या डोळ्यांनी आपल्याला सांगितलेच आहे. बधिर झालेला हात-पाय चोळू नये, शेकोटीवर धरू नये. जाणीव नसल्याने तो भाजून निघतो. पुन्हा गोठण्याची भीती नसेल अशा ठिकाणी तो कोमट पाण्यात ठेवावा आणि डॉक्टर गाठावा.

दरडीखाली सापडलेल्या माणसाला पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढले तर तो बहुधा वाचतो. अर्धा तास उलटला की ती आशा फार कमी होते, कारण थांबताच तो ओला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो आणि श्वासाला जागा राहत नाही. एवढ्या वेळात शहरातून कोणी येऊ शकत नाही. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे-घेणारे छोटे यंत्र, ज्याला ट्रान्सीव्हर म्हणतात ते, आणि पाठपिशवीत बर्फात खुपसून पाहण्याची लांब काठी व फावडे असावे लागते. बाहेर काढल्यावर प्रथम तोंडानाकातला बर्फ काढायचा. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या मधल्या खिंडीत संत बर्नार्ड ह्यांनी अकराव्या शतकात उभारलेल्या आश्रमातील धर्मबंधू शतकानुशतके हेच काम काठ्या, फावडी आणि कुत्री घेऊन करत आले. पोप अकरावे पायस हे स्वतः आल्प्समध्ये चढाया केलेले गिर्यारोहक. त्यांनी १९२३ साली संत बर्नार्ड ह्यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित केले.

त्सापरांगच्या राजाने आणि राणीने फादरांचे प्रेमाने स्वागत केले आणि पुन्हा येण्याचे वचन घेऊनच त्यांना निरोप दिला. नोव्हेंबर १६२४ मध्ये आग्र्याला परतल्यावर फादरांनी सर्व हकीगत पत्रात लिहिली. ते पत्र १६२६ साली लिस्बनला छापले गेले आणि युरोपभर वाचले गेले. दुसऱ्या खेपेला ते कधी निघाले पाहा: मार्चअखेरीस नव्हे, १७ जून १६२५ रोजी. २८ ऑगस्टला ते त्सापरांगला होते. १२ एप्रिल १६२६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, राजाने तेथील चर्चची कोनशिला स्वहस्ते बसवली. जगाच्या त्या छपरावर पुनरुत्थानाचा सण कसा साजरा झाला असेल, कोण जाणे.

पण हे फार काळ टिकले नाही. फादरांना प्रांतप्रमुख म्हणून गोव्याला बोलावून घेण्यात आले. त्यांच्यामागे १६३० साली गुगेमध्ये बंड झाले, लडाखच्या राजाने राज्य घेतले, राजा कैदी झाला आणि मिशन लुटले गेले. राजाने परक्या धर्मगुरूंना इतके जवळ केले, ह्याचा लामांना राग होता, हे त्यामागचे एक कारण. फादर आंद्रादे पुन्हा तिबेटला जाण्याच्या तयारीत असतानाच १९ मार्च १६३४ रोजी, संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, गोव्यात विषप्रयोगाने मरण पावले. त्या काळी त्यांच्याकडे इन्क्विझिशनचेही काम होते आणि त्यातूनच कोणाचे तरी वैर ओढवले असे म्हणतात. बर्फाने ज्यांना सोडले, त्यांना माणसाने सोडले नाही.

ब्रदर मार्केश मात्र पुन्हा गेले. १६४० साली, आणखी एका प्रयत्नात, तिबेटच्या हद्दीत ते पकडले गेले. पुढच्या वर्षी त्यांचे एक पत्र हिंदुस्थानात पोहोचले. आपली सुटका करावी, अशी त्यात विनवणी होती. त्यानंतर त्यांच्याकडून काही आले नाही. आता माणा खिंडीपर्यंत मोटारीचा रस्ता झाला आहे आणि हिवाळ्यात तो बर्फाखाली जातो.